एकशे बेचाळीस किलो

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज काहीतरी लिहा. रोज लिहिण्यासारखं माझ्या आयुष्यात काही घडत नाही, असं मी म्हणालो, तर म्हणाल्या, "आता घडेल." माझ्या मुलीच्या वयाची बाई, पण बोलते सासूसारखी.

आज त्यांनी मला एका नळीत तीनदा फुंकायला लावलं. मग कागद बघून म्हणाल्या, तुमचं वय अठ्ठावन्न, पण फुप्फुसांचं एक्क्याऐंशी. मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. तरीही विचारलंच, यंत्र तपासून घेतलंय ना? त्यांनी गेल्या महिन्यातला तपासणीचा शिक्का दाखवला.

दादा बाहेर बाकावर बसला होता. पायऱ्या उतरताना त्याला आकडा सांगितला. तो "हं" म्हणाला. दादाच्या "हं"चे पाच-सहा अर्थ होतात, हा त्यातला कुठला ते कळलं नाही. रस्त्यावर आल्याबरोबर सवयीने दोघांचेही हात खिशात गेले. मी माझं सिगरेटचं पाकीट काढून कोपऱ्यावरच्या डब्यात टाकलं. दादाचा हात खिशातच राहिला. दिवसभर त्याने माझ्यासमोर पेटवली नाही. माझी दया आली असावी.

५ फेब्रुवारी

सकाळ बरी गेली. नंतर चार वाजले.

आमच्या दुकानात काट्यासमोर बोलायचं नाही, हा बाबांनी घातलेला नियम. दोघे भाऊ दिवसभर मुक्याने स्क्रू पिळतो. म्हणून चारची सिगरेट. दुकानाच्या मागच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीवर दादा, पाचव्या पायरीवर मी. घरचं, दारचं, मुलांची लग्नं, जमलेलं, फिसकटलेलं, सगळं तिथेच बोललो. दोन सिगरेटी संपेपर्यंत. सिगरेट विझली की बोलणंही संपलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, ओढायची जागा आणि वेळ टाळा. म्हणून आज मी आत बसलो. दादा उठला, माझ्याकडे बघितलं, एकटाच मागे गेला. बारा मिनिटांनी आला. मी घड्याळ बघत होतो असं नाही, पण बारा मिनिटं.

९ फेब्रुवारी

बायकोवर ओरडलो. कारण काय, तर चमचा. नुसता चमचा. तिने गाजर चिरून डबीत भरून दिलं आणि म्हणाली, "अहो, दातांना काम द्या, म्हणजे जीभ गप्प बसेल."

दुकानात दादाही तापलेला. एका गिऱ्हाइकाला म्हणाला, काटा बिघडलेला नाही, तुमचे डोळे बिघडलेत. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाला असं बोललेला मी ऐकला नाही. माझी चिडचिड त्याला लागली बहुतेक. घरात एकाला सर्दी झाली की सगळे शिंकतात.

१७ फेब्रुवारी

तेरा दिवस. रात्री झोप लागते. सकाळी खोकला आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणतात तो झाडू मारणारा खोकला, येऊ द्या. रोज अर्धा तास चालतो. पहिल्या दिवशी दूधवाल्याने विचारलं, काही हरवलं का?

वास यायला लागलेत. हे कुणी सांगितलं नव्हतं. लोखंडाला वास असतो. पावाच्या दुकानासमोर उभा राहिलो, काही न घेता, लोक बघायला लागेपर्यंत. चाळीस वर्षं अशी बिनवासाची गेली, याचं वाईट वाटलं. मग दादाचा कामाचा कोट नाकाजवळून गेला आणि त्यातला जुना धूर आला. इतका गोड वाटला की उठून बाहेर जावं लागलं.

३ मार्च

दादा दिवसभर लवंग चघळतो. दाढ दुखते म्हणाला. काढून टाक म्हटलं तर "हं."

वहिनीचा फोन आला. भाऊजी, कसं चाललंय, झोप येते का, भूक किती लागते, चिडचिड कधी कमी होते, सगळं खोदून खोदून विचारलं. माझी इतकी काळजी तिने माझ्या ऑपरेशनच्या वेळीही केली नव्हती. बरं वाटलं. चिडचिड पाचव्या आठवड्यात कमी होते असं डॉक्टर म्हणतात, हे सांगितलं, तेव्हा तिने मोठा श्वास सोडला.

२८ मार्च

सोडणं आता तितकं जड जात नाही. दादा जड जातोय. चार वाजले की तो उठतो, बारा मिनिटांनी येतो, एक शब्द नाही. आज जिन्यावरच्या थोटकांच्या डब्यात डोकावलो. अवकाळी पावसाचं पाणी आणि एक मेलेली माशी. म्हणजे थोटकं आता अंगणात फेकतो. माझ्यावरचा राग आणि काय.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. मी रोज चालतोय, पालेभाज्या खातोय, जिने चढतोय, माझी फुप्फुसं म्हणे रोज थोडी थोडी तरुण होताहेत. आणि त्याची? तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी एकट्याने म्हातारं होऊन काय करू? दुकानात दोन स्टुलं आहेत. आज धीर करून विचारलं, "दादा, तूही बघ ना सोडून." तो गालात लवंग फिरवत म्हणाला, "तू तुझं बघ, धाकट्या." पालथ्या घड्यावर पाणी.

१२ एप्रिल

पँटचं बटण तुटलं. दुकानातल्या काट्यावर उभा राहिलो, दादा बँकेत गेला होता तेव्हा. अठ्ठ्याहत्तर. होतो चौऱ्याहत्तर. काटा चुकला असेल म्हणून प्रमाण वजनं लावून पाहिली. काटा नीट होता. दुसरा काटा काढला, तोही नीट. दुकानात अकरा काटे आहेत आणि अकराही माझ्यावर उलटले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार किलो वाढले तर वाढू द्या, सिगरेटपेक्षा परवडले. पण रोज काट्यावर चढू नका, महिनाभर वजनच करू नका. काटेवाल्याला हा उपदेश म्हणजे हलवायाला साखरेकडे बघू नको म्हणण्यासारखं. कबूल केलं.

२२ एप्रिल

आज एक गोष्ट केली, ती इथेच लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही.

मोठ्या लाँड्रीत गेलो होतो. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल धुतात, चौथ्या मजल्यावर. तिथला प्लॅटफॉर्म काटा आमच्याकडे देखभालीला आहे. वर्षाच्या शिक्क्याला प्रमाण वजनं लावतोच, पण मधल्या तपासणीला आमची जुनी रीत आहे. दोघे भाऊ एकदम काट्यावर उभे राहतो. दादा अडुसष्ट, मी चौऱ्याहत्तर, मिळून एकशे बेचाळीस. बाराएक वर्षं यात पाव किलोचा फरक नाही. गिऱ्हाइकं हसतात, पण आकडा बरोबर आला की काटा ठीक. चार मजले वजनं वाहून न्यायला नकोत.

आज माझे चार वाढलेत, ते मला ठाऊक. म्हणजे एकशे सेहेचाळीस यायला हवेत. आले एकशे त्रेपन्न.

दादाने चष्मा काढला होता. "किती?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, सात जास्त दाखवतोय, काटा गेलाय. तो काट्यावरून उतरला. मग म्हणाला, "खालून वजनं आणू."

लिफ्ट बंद. वीस किलोचं एक, अशी पाच वजनं, चार मजले. मी म्हटलं, कशाला, मी पिळतो स्क्रू. तो म्हणाला, "वजनं लावल्याशिवाय हात लावायचा नाही." मला राग आला. तीन महिने तोंड मिटून बसलेला माणूस आज मला धंदा शिकवतोय. मी बोलून गेलो, "मला दम लागणार नाही दादा, तुला लागेल. तू अजून ओढतोस."

त्याचा चेहरा उतरला. तो जिन्याकडे निघून गेला. ओढायला, दुसरं काय.

मी काट्याचं पोट उघडलं आणि स्क्रू अंदाजाने पिळला. हाताला कळतं किती पिळलं की किती उतरतं. मग एकटाच वर उभा राहिलो, सहज. साडेचौऱ्याहत्तरहूनही जरा कमी! दहा दिवसांत साडेतीन किलो गेले. चालणं फळलं, जिने फळले. इतका आनंद झाला की मॅनेजरबाईंना नमस्कार करताना मी दोनदा हसलो.

गाडीत दादाने विचारलं, "वजनं लावलीस ना?"

मी "लावली" म्हणालो.

म्हणाला, "आणि?" मी म्हटलं, काटाच गेला होता, केला नीट. त्याने खिडकीबाहेर बघत सुस्कारा सोडला. दमल्यासारखा नाही, सुटल्यासारखा.

चाळीस वर्षांत दादाशी कामाबद्दल खोटं बोललो नव्हतो. सिगरेट सुटली आणि हे लागलं.

२३ एप्रिल

बायकोला वजन सांगितलं. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "असेल बाई." बायकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

६ मे

आज मॅनेजरबाईंचा फोन आला. दादाने उचलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो "हो" म्हणाला, "हो", "कधीपासून", आणि मग बराच वेळ काहीच नाही.

लाँड्रीत मशीनमध्ये साठ किलो कपडे मोजून भरतात. दोन आठवडे झाले, कपडे अर्धे ओले निघताहेत. मशीन बिघडलं म्हणून मेकॅनिक बोलावला, त्याने मशीन उघडून बंद केलं. शेवटी बाईंनी साबणाच्या पावडरीचं पंचवीस किलोचं सीलबंद पोतं काट्यावर ठेवलं. चोवीससुद्धा भरेना. काटा कमी दाखवतोय आणि त्या साठ समजून त्रेसष्ट भरताहेत. बाईंना जे सुचलं ते मला सुचलं नाही.

दादाने फोन ठेवला. "वजनं लावली होतीस?"

"नाही."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. बाबांच्या वेळेपासून या दुकानाचा काटा खोटा निघाला नव्हता. दादाने एवढंच म्हटलं, "चल."

लिफ्ट अजून बंदच. एका हातात एक असं करून पाच वजनं आम्ही दोन फेऱ्यांत वर नेली. दुसऱ्या फेरीत दोघांकडे एकेक आणि पाचवं मधे धरून दोघांनी. फेब्रुवारीत दुसऱ्या मजल्यावर मला भिंत धरावी लागायची. आज चौथ्यावर मी नुसता घामाघूम. आणि दादाही. तो खोकला नाही. मी हे पाहिलं, पण त्या वेळी मला दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटत होती.

शंभर किलो लावले. पंच्याण्णव आणि थोडे. मी स्क्रू उलटा पिळत गेलो, शंभरावर आणला, वजनं काढून पुन्हा लावली, पुन्हा शंभर. मॅनेजरबाईंना सांगितलं की काटा नीटच होता, मी बिघडवला, ओल्या कपड्यांचा सगळा दोष माझा. बाई चांगल्या. म्हणाल्या, मान्य करणारा कारागीर पहिल्यांदाच पाहिला, आणि आपल्या कामाला गेल्या.

मग मी मुकाट्याने काट्यावर चढलो. अठ्ठ्याहत्तर. ना चालणं फळलं होतं, ना जिने. साडेचौऱ्याहत्तर आले तेव्हाच कळायला हवं होतं, पण गणित जुळवायचंच नव्हतं मला. आवडता आकडा आला की माणूस पुढचं मोजत नाही.

उतरता उतरता मात्र डोक्यात आपोआप वजाबाकी झाली. त्या दिवशी काटा नीट होता. म्हणजे एकशे त्रेपन्न खरे होते. त्यातून माझे अठ्ठ्याहत्तर गेले.

"दादा," मी म्हणालो, "तू चढ जरा."

"कशाला?"

"चढ."

तो चढला. पंच्याहत्तर. तीस वर्षं ज्याच्यावर घड्याळ लावावं असा अडुसष्टचा माणूस, सात किलोंनी वाढलेला. त्या सैल कोटात मला दिसलाच नाही. लवंगा, थोटकांचा रिकामा डबा, वहिनीचे प्रश्न, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. मूर्खासारखं विचारलं, "कधीपासून?"

"तुझ्याच दिवशी. चार फेब्रुवारी."

"मग रोज चार वाजता जिन्यावर काय करायचास?"

"बसायचो. सवय रे." तो काट्यावरून उतरेना. खाली आकड्याकडे बघत बोलत राहिला, एरवी सिगरेट हातात असताना बोलायचा तसा. "तू सोळा वर्षांचा होतास, तुझ्या हातात पहिली मी दिली. मी शाळा सोडली, तू सोडलीस. मी दुकानात बसलो, तू बसलास. आता मी सोडली म्हणून सांगितलं असतं आणि महिन्याभरात पेटवली असती, तर तू दुसऱ्या मिनिटाला पेटवली असतीस. म्हटलं, हे एक तरी तू माझ्या मागून करू नयेस."

"आणि मी तुला नाही नाही ते बोललो."

"बोललास. त्या दिवशी सिगरेटचं पाकीट घ्यायला खाली उतरलो होतो. कोपऱ्यावर दुकान आहे. मग मागे फिरलो."

मी रडलो. लाँड्रीत वाफ इतकी असते की कुणाला कळत नाही. दादाला कळलं. तो खाली उतरला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यात असं करायची पद्धत नाही, त्यामुळे हात कुठे ठेवायचा हे त्याला नीट जमलं नाही, मानेवर पडला.

७ मे

वहिनीला सगळं आधीपासून माहीत. माझ्या बायकोला मार्चपासून. दोघी मिळून आठवड्याला तीन किलो गाजरं आणत होत्या. मी म्हटलं, मला सांगायचं नाही? बायको म्हणाली, "तुम्ही दोघं आपापल्या जागी इतके शूर दिसत होता, मोडवलं नाही."

चार वाजता मी मागच्या जिन्यावर गेलो. पाचव्या पायरीवर बसलो. हात मोकळे, कुठे ठेवावेत कळेना. सुरुवातीला दोघेही चोरासारखे गप्प. मग दादा बोलायला लागला आणि अर्धा तास झाला तरी उठेना. सिगरेट संपली की बोलणं संपायचं, आता संपायला काही नव्हतं.

त्याने आज सांगितलं, डॉक्टरांकडे त्या दिवशी बाकावर बसून तो कसला हिशेब करत होता. बाबा गेले तेव्हा एकसष्ट वर्षं, पाच महिने, अकरा दिवसांचे होते. त्यांचीही छाती. मी तेव्हा लहान नव्हतो, पण दिवस मोजून ठेवायचं कधी सुचलं नाही. दादाने मोजून ठेवलेत. तो दिवस त्याला येत्या जूनच्या एकोणीसला पुरा होतो.

"मला तो दिवस ओलांडायचाय," तो म्हणाला. "त्याच्या पुढचं पुढे."

३० मे

दादालाही नळीत फुंकायला लावलं. त्याचं फुप्फुसांचं वय अठ्ठ्याहत्तर, माझं शहात्तर. माझ्यापेक्षा मोठाच आला, कायम. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचा तक्ता दाखवला, एका वर्षाने काय, पाच वर्षांनी काय. हरवलेलं सगळं परत मिळत नाही, असंही स्पष्ट सांगितलं. दादाने विचारलं, मग काय मिळतं? त्या म्हणाल्या, पुढचे दिवस बरे मिळतात, आणि जास्त मिळण्याची शक्यता.

आता सकाळी दोघे मिळून चालतो. तो भरभर चालतो आणि वळणावर थांबतो, मी पोचेपर्यंत उगाच दुकानांच्या पाट्या वाचतो.

१९ जून

सकाळपासून दादा बोलला नाही. काम मात्र चोख. मीही काही काढलं नाही. वहिनीने दोनदा फोन करून नुसतं "आहेत ना?" विचारलं.

२० जून

साडेसहाला त्याच्या दारात गेलो. तो बूट घालून पायरीवर तयार बसलेला. म्हणाला, आज मी बाबांपेक्षा एका दिवसाने मोठा आहे.

आम्ही चालायला लागलो. नदीकाठ आला. मग तो म्हणाला, आतापर्यंत प्रत्येक वयात काय करायचं ते बाबांना बघून कळायचं. बासष्टीचा माणूस कसा दिसतो, कसा बसतो, हे आपल्या घरात कुणी करून दाखवलेलं नाही. सांगताना तो घाबरला होता आणि खूशही होता, दोन्ही दिसत होतं.

मी म्हटलं, "तू पुढे हो. मी तीन वर्षांनी येतोच मागून."

तो "हं" म्हणाला. या वेळी अर्थ कळला.